आपला की परका : युद्धकालीन ओळख आणि संकेत साधनांच्या संग्रहाच्या नोंदी

5 जानेवारी

संग्रहातील वस्तूंची नोंदवही नव्याने लिहिण्याचे काम आज हाती घेतले. आजवर प्रत्येक वस्तूला क्रमांक, माप, धातू आणि शिक्के एवढीच माहिती जोडलेली होती. पाण्याच्या बाटलीसाठी किंवा पट्ट्याच्या बक्कलसाठी तेवढी पुरतेही. ओळख पटवण्याच्या साधनांना मात्र ती अपुरी पडते. समोरून येणारे विमान, जहाज किंवा अंधारातला माणूस आपला की परका, हे ठरवण्यासाठी ही साधने घडवली गेली. विचारणा कशी करायची, प्रत्युत्तर काय यायला हवे, तो संकेत किती वेळ चालणार आणि उत्तर आलेच नाही तर काय करायचे, हे सगळे त्यांच्या मागे आधीच ठरलेले असे. तो ठराव विसरला गेला की हाती केवळ पितळेचा किंवा बेकेलाइटचा (जुन्या कडक प्लॅस्टिकचा) तुकडा उरतो. म्हणून प्रत्येक कार्डावर चार रकाने वाढवले आहेत: विचारणा, प्रत्युत्तर, मुदत आणि उत्तर न आल्यास. ज्या रकान्याला आधार मिळणार नाही तो कोरा राहील, अंदाजाने भरला जाणार नाही.

शेवटच्या रकान्याचे महत्त्व पटण्यासाठी एकच प्रसंग पुरेसा आहे. 6 सप्टेंबर 1939 रोजी, म्हणजे ब्रिटनने युद्ध पुकारल्यानंतर तिसऱ्याच दिवशी, चुकीच्या इशाऱ्यावरून आकाशात गेलेल्या ब्रिटिश स्पिटफायर विमानांनी आपल्याच दोन हरिकेन विमानांना शत्रू समजून पाडले आणि त्यात एक वैमानिक ठार झाला. बार्किंग क्रीकची लढाई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या घटनेत शत्रूचे एकही विमान जवळपास नव्हते. संग्रहातील जवळजवळ प्रत्येक वस्तू असा प्रसंग पुन्हा घडू नये यासाठी बनली होती, ही जाणीव ठेवूनच पुढचे काम करायचे आहे.

12 जानेवारी

आज हेलिओग्राफ, म्हणजे आरशाने सूर्यप्रकाश परावर्तित करून संदेश देणारे यंत्र, तिपाईवर चढवला. हेन्री मान्स यांनी 1869 मध्ये पर्शियन आखाताच्या तारखात्यात नोकरी करत असताना हे यंत्र सिद्ध केले आणि दुसऱ्या अफगाण युद्धापासून ब्रिटिश व हिंदी फौजांमध्ये त्याचा सर्रास वापर झाला. आपल्याकडील यंत्र 5 इंची आरशाचे, मार्क 5 या नमुन्याचे आहे. आरशाच्या नेमक्या मध्यभागी पारा नसलेला एक लहानसा ठिपका आहे. परावर्तित झोतात त्या ठिपक्याची सावली पडते, आणि समोरच्या दांडीवरील पट्टीच्या मध्यावर ती सावली आणली की झोत ठरलेल्या ठाण्याकडे वळला आहे याची खात्री होते. मागची कळ दाबली की आरसा किंचित कलतो आणि चमक दूरच्या ठाण्याला दिसते. कळ सोडली की चमक नाहीशी होते. कळ थोडा वेळ दाबली की मोर्स संकेतलिपीचे टिंब, जास्त वेळ दाबली की रेघ.

सूर्याचे बिंब आकाशात साधारण अर्धा अंश रुंद दिसते, त्यामुळे आरशातून निघालेला झोतही तेवढाच पसरतो. म्हणजे प्रत्येक किलोमीटरमागे तो सुमारे 9 मीटर रुंद होतो आणि 30 किलोमीटरवरही त्याची रुंदी 300 मीटरच्या आतच राहते. या अरुंद पट्ट्याबाहेर उभ्या असलेल्या माणसाला संदेश दिसतच नाही. बिनतारी संदेश चोहोकडे पसरतो आणि कोणालाही ऐकू येतो, हेलिओग्राफचा तसा पसरत नाही. गुप्ततेच्या दृष्टीने जुने साधन या बाबतीत सरस होते असे माझे मत आहे. मात्र सूर्य आपल्या बिंबाएवढे अंतर दोन-एक मिनिटांत ओलांडतो, त्यामुळे संदेश चालू असतानाच बारीक आट्यांचे स्क्रू फिरवून आरसा सतत जुळवत राहावे लागते. वापरणाऱ्याच्या बोटांनी त्या स्क्रूंच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत, हा कार्डावर नोंदवण्याजोगा पुरावा आहे.

पितळेवर ठिकठिकाणी कळंक चढला आहे. तो घासून काढायचा नाही. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने चिकट थर तेवढा पुसला आणि वर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात दिला. धातू चकचकीत करणाऱ्या लेपाने शिक्क्यांच्या कडा झिजतात, आणि झिजलेला शिक्का परत आणता येत नाही.

18 जानेवारी

शिक्क्यांचे छायाचित्रण पूर्ण झाले. ब्रिटिश सरकारी मालावर रुंद फाळाच्या बाणाचा शिक्का असतो. कॅनडाच्या मालावर तो इंग्रजी सी अक्षराच्या पोटात, दक्षिण आफ्रिकेच्या मालावर यू अक्षराच्या आत, तर ऑस्ट्रेलियाच्या मालावर दोन डी अक्षरांच्या मध्ये येतो. शिक्का अस्पष्ट असेल तेव्हा समोरून प्रकाश टाकून उपयोग होत नाही. दिवा पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरला की ठशाच्या कडेची सावली पडते आणि नुसत्या डोळ्याला न दिसणारी वर्षसंख्याही वाचता येते.

2 फेब्रुवारी

या महिन्याचे मुख्य काम म्हणजे ब्रिटिश लढाऊ विमानातील ओळखदिव्यांचा स्विचबॉक्स. त्यावरील भांडार क्रमांक 5सी/372 स्वच्छ वाचता येतो. स्पिटफायर आणि हरिकेन या दोन्ही विमानांच्या कॉकपिटमध्ये हा स्विचबॉक्स बसवलेला असे. विमानाच्या पाठीवर एक आणि पोटाखाली एक ओळखदिवा असतो, आणि या डबीवर त्या प्रत्येकासाठी एक छोटा स्विच आहे. स्विचच्या तीन जागा आहेत: मोर्स, बंद आणि स्थिर. स्थिर ठेवला तर दिवा सतत जळतो. मोर्सवर ठेवला तर वरची कळ दाबली जाईल तेवढाच वेळ जळतो. पोटाखालच्या दिव्याने जमिनीवरच्या आणि समुद्रावरच्या आपल्या माणसांना, तर पाठीवरच्या दिव्याने वरून उडणाऱ्या आपल्या विमानांना ओळख द्यायची, अशी ही योजना होती.

डबीच्या वरच्या कोपऱ्यात एक लहान कडी आहे. तिच्या परिघावर खाचा असून एक खटका त्यांपैकी एका खाचेत अडकलेला राहतो. कडी फिरवली की कळीखालच्या स्प्रिंगचा दाब कमी-जास्त होतो. झाकण उघडल्यावर आत एक स्क्रू आणि त्याला जागी घट्ट धरणारा नट दिसतो. त्यांनी कळ किती खाली जावी हे ठरते. हातमोजे घातलेल्या, थंडीने बधिरलेल्या बोटांना कळ किती जड लागावी हे प्रत्येक वैमानिकाचे वेगळे असणार, आणि आराखडा करणाऱ्याने त्याचा विचार इतक्या छोट्या वस्तूतही केला होता, हे पाहून मला त्याच्याविषयी मनापासून आदर वाटला.

खटका ज्या खाचेत सापडला ती खाच छायाचित्रात आणि आकृतीत नोंदवली आहे, आणि कडी अजिबात फिरवायची नाही असे कार्डावर लाल शाईने लिहिले आहे. ही जुळणी युद्धकाळात कोणी केली की नंतर एखाद्या दुकानदाराने हाताळताना बदलली, हे डबीवरून सांगता येणार नाही. पण एकदा फिरवली तर तो प्रश्नच कायमचा पुसला जाईल.

विद्युत तपासणीसाठी विमानाएवढा दाब देण्याची गरज नाही. मल्टिमीटरने जोडणी पाहिली: स्विच मोर्सवर असताना कळ दाबली की वाट जुळते, सोडली की तुटते; स्थिरवर ती कायम जुळलेली राहते. पाठीवरच्या दिव्याच्या स्विचमध्ये मधूनमधून खंड पडतो. संपर्कबिंदूंवर काळपट थर आहे. तेथे सॅंडपेपर वापरला तर मूळ मुलामा निघून जाईल, म्हणून जाड कोऱ्या कागदाची पट्टी संपर्कांमध्ये धरून हळुवार ओढली. तेवढ्याने खंड नाहीसा झाला नाही तरी कमी झाला, आणि प्रदर्शनात ठेवायच्या वस्तूला एवढे पुरे.

9 फेब्रुवारी

काळ्या प्लॅस्टिकच्या विमानप्रतिकृतींची पाहणी केली. 1942 च्या सुरुवातीला अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांना ओळखसरावासाठी 5 लाख लाकडी प्रतिकृती कोरून देण्याचे आवाहन केले, आणि पुढे शिकागोच्या क्रूव्हर कंपनीने याच कामासाठी प्लॅस्टिकच्या प्रतिकृती साच्यातून काढल्या. प्रमाण 1:72, म्हणजे प्रत्यक्षातल्या 6 फुटांना 1 इंच. या प्रमाणामुळे सराव सोपा होतो: 35 फुटांवर धरलेली प्रतिकृती साधारण अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढी दिसते. पंख, इंजिन, धड आणि शेपूट या क्रमाने पाहण्याची सवय सैनिकांना लावली जाई. ओहायो स्टेट विद्यापीठाचे सॅम्युएल रेनशॉ यांनी तर पडद्यावर निमिषमात्र चित्र दाखवून संपूर्ण आकृती एकदम ओळखायला शिकवण्याची पद्धत बसवली आणि ती नौदलाने उचलली.

प्रतिकृतींवर देशाचे चिन्ह मुद्दामच नाही. चिन्ह दिसण्याइतके विमान जवळ येते तेव्हा निर्णयाला उशीर झालेला असतो, आणि चिन्हच फसवूही शकते. जपानी विमानांवर लाल वर्तुळ असल्यामुळे अमेरिकेने मे 1942 मध्ये आपल्या ताऱ्याच्या मधला लाल ठिपका काढून टाकला. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढणाऱ्या ब्रिटिश आणि हिंदी विमानांच्या वर्तुळांतूनही त्याच कारणाने लाल रंग गेला. या बदलाची चित्रे प्रतिकृतींच्या पेटीसोबत ठेवायची आहेत, कारण आकारावर एवढा भर का होता ते त्यांच्यावाचून समजत नाही.

जतनाच्या दृष्टीने हा संग्रहातला सर्वांत नाजूक भाग आहे. हे प्लॅस्टिक सेल्युलोज ॲसिटेट आहे. काळाच्या ओघात ते आकसते, पंख वाकतात आणि ॲसिटिक आम्ल बाहेर पडू लागते. पेटी उघडताच येणारा आंबट वास हे त्याचेच लक्षण. हे आम्ल उरलेल्या प्लॅस्टिकचा ऱ्हास आणखी वेगाने घडवते आणि शेजारच्या धातूलाही खाते. म्हणून बंद प्लॅस्टिक पिशव्या काढून टाकल्या, वास येणाऱ्या प्रतिकृती वेगळ्या केल्या, हवा खेळती राहील अशा आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेट्यांत कोळशाच्या पुड्यांसह त्या ठेवल्या आणि प्रत्येक पेटीत आम्लदर्शक कागदाची पट्टी टाकली. निळी पट्टी हिरवी आणि मग पिवळी होत गेली की ऱ्हास वाढला असे समजायचे. वाकलेले पंख गरम करून सरळ करण्याचा सल्ला अनेक संग्राहक देतात. मी तो मानणार नाही, कारण उष्णतेने हाच ऱ्हास आणखी वेगाने होतो.

16 फेब्रुवारी

अमेरिकी सैन्याचे पिवळ्या आणि गडद गुलाबी झळाळीच्या कापडाचे एपी-50 पट तपासले. फ्रान्समधील नॉर्मंडीच्या स्वारीनंतरच्या मोहिमेत असे पट वाहनांच्या नाकावर किंवा जमिनीवर पसरून आपल्या विमानांना ओळख दिली जाई. गुलाबी बाजू आधीच फिकी पडली आहे. प्रदर्शनात प्रकाश 50 लक्सच्या वर जाऊ द्यायचा नाही, आणि पट घडी करून न ठेवता नळीवर गुंडाळायचे.

1 मार्च

खटक्याचा आवाज करणारी पितळी डबी, म्हणजे संग्राहकांच्या भाषेतला क्रिकेट. बर्मिंगहॅमच्या ॲक्मे कंपनीने बनवलेल्या या डब्या 6 जून 1944 रोजी नॉर्मंडीत उतरलेल्या अमेरिकेच्या 101 व्या छत्रीधारी डिव्हिजनला दिल्या गेल्या. त्यांची संख्या सुमारे 7000 होती असे सांगितले जाते. अंधारात कुंपणापलीकडे हालचाल जाणवली की एकदा वाजवायचे, पलीकडून दोनदा उत्तर यायला हवे. माझ्या चार रकान्यांपैकी पहिले दोन इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कोणत्याच वस्तूच्या बाबतीत भरता आले नाहीत. मुदतही थोडकीच होती, कारण असा आवाज शत्रूने एकदा ऐकला की त्याची नक्कल करणे अवघड नाही.

खरेपणाबद्दल सर्वाधिक काळजी याच वस्तूच्या बाबतीत घ्यावी लागते. त्याच नमुन्याच्या प्रतिकृती आजही बनतात आणि विकल्या जातात, आणि थोडा कळंक चढवून जुनेपणा आणणे कोणालाही जमते. ॲक्मे आणि 470 हा क्रमांक डबीवर असणे आवश्यक आहे, पण तेवढ्याने खरेपणा सिद्ध होत नाही. भिंगाखाली पाहताना मी झीज कोठे आहे ते पाहतो: अंगठा जेथे पडतो तेथे आणि पोलादी पट्टी जेथे दुमडते तेथे झीज असावी, खोलगट भागात नसावी. सगळीकडे सारखी झीज असेल तर ती हाताने नव्हे, घासून आणलेली असते. आपल्या डबीवरील झीज योग्य ठिकाणी आहे. तरीही ती युद्धात वापरली गेल्याचा पुरावा म्हणजे पूर्वीच्या मालकाचे सांगणे एवढाच आहे, म्हणून कार्डावर ‘मालकाच्या सांगण्यानुसार’ असेच शब्द लिहिले आहेत. दावा आणि पुरावा यांतला हा फरक नोंदवहीतून पुसला गेला तर पुढच्या माणसाला तो कधीच कळणार नाही.

याच खणात ब्रिटिश विमानदलाची शिट्टी आहे. तिच्यावर ए.एम. (एअर मिनिस्ट्री, म्हणजे ब्रिटनचे हवाई मंत्रालय) आणि 23/230 हा ठसा आहे. विमान समुद्रात कोसळले तर अंधारात साथीदारांना आणि सुटकेच्या नौकेला आपला ठावठिकाणा कळावा म्हणून ती पोशाखाच्या कॉलरला अडकवलेली असे.

8 मार्च

अंधारात चमकणाऱ्या चकत्या आणि होकायंत्र वेगळे काढले. अंधारात पुढचा माणूस किंवा जहाजाच्या डेकवरची वाट दिसावी म्हणून रेडियम आणि झिंक सल्फाइड मिसळलेला रंग वापरला जाई. आता यांतली एकही चकती चमकत नाही, आणि याच कारणाने अनेकजण ती निरुपद्रवी समजतात. ही समजूत धोक्याची आहे. किरणांच्या सततच्या माऱ्याने झिंक सल्फाइडची चमक संपली. रेडियम-226 चे अर्धायुष्य मात्र 1600 वर्षे असल्यामुळे त्याची किरणोत्सर्जकता युद्धकाळात होती जवळजवळ तेवढीच आजही आहे.

मोजणीयंत्राने प्रत्येक चकती तपासून आकडा, अंतर आणि तारीख कार्डावर लिहिली. चकती उघडायची नाही, रंग खरवडायचा नाही, काच फुटलेली असेल तर हातमोजे घालून दुहेरी पिशवीत बंद करायची; कारण खरा धोका बाहेरून येणाऱ्या किरणांपेक्षा भुकटी श्वासातून किंवा तोंडावाटे शरीरात जाण्याचा आहे. रेडियमपासून रेडॉन वायूही तयार होतो, म्हणून या वस्तू बंद खोलीतल्या कपाटात एकत्र न ठेवता हवेशीर जागी, माणसे बसतात त्या ठिकाणापासून दूर ठेवल्या आहेत. कपाटावर सूचना लावली आहे. अशा वस्तू बाळगण्याचे, पाठवण्याचे आणि टाकून देण्याचे नियम देशोदेशी वेगळे असतात. ते पाहिल्याशिवाय यांतली एकही वस्तू कोणाला द्यायची नाही.

22 मार्च

संकेतपिस्तुलाची काडतुसे आणि आयएफएफ (विमान आपले की परके हे रेडिओलहरींनी ओळखणारा) संच हे दोन विषय आज एकत्र घेतले, कारण दोन्हींत स्फोटक असण्याची शक्यता आधी तपासावी लागते.

एडवर्ड व्हेरी या अमेरिकी नौदल अधिकाऱ्याने 1877 मध्ये रंगीत तारे सोडण्याची पद्धत प्रचारात आणली. दुसऱ्या महायुद्धात ‘दिवसाचे रंग’ ठरलेल्या तासांनी बदलत. परतणारे विमान त्या तासाचे रंग सोडून आपली ओळख देई. काडतुसांच्या कडांवरच्या खाचा वेगवेगळ्या असत, त्यामुळे अंधारात नुसत्या बोटांनीही रंग ओळखता येई. संग्रहात फक्त रिकामी टरफले ठेवली आहेत. जिवंत काडतूस हाती आले तर ते हाताळायचे नाही, संबंधित यंत्रणेला कळवायचे, हा नियम कार्डांच्या पहिल्याच पानावर आहे.

आयएफएफ मार्क 3 हा संच म्हणजे वरच्या सगळ्या साधनांचे काम रेडिओलहरींवर सोपवण्याचा प्रयत्न. फ्रेडी विल्यम्स यांनी 1940 मध्ये सुचवले की प्रत्येक रडारच्या लहरीला उत्तर देत बसण्यापेक्षा ओळखीसाठी स्वतंत्र लहरपट्टा ठेवावा. त्याप्रमाणे हा संच 157 ते 187 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात विचारणा ऐकून उत्तर धाडतो. तो शत्रूच्या हाती पडू नये म्हणून आत एक लहान स्फोटक बसवलेले असे. वैमानिकाने बटणे दाबली किंवा विमान आदळले की ते उडून आतली रचना नष्ट होई. त्यामुळे पेटी हलवण्यापूर्वी सर्वांत आधी स्फोटकाची जागा विजेरीने पाहिली. ती रिकामी आहे. त्यानंतरच पेटी टेबलावर घेतली. विद्युतपुरवठा देऊन ती चालू करण्याचा विचार नाही. इतक्या जुन्या कपॅसिटरांना एकदम दाब दिला तर ते फुटण्याची शक्यता असते, आणि असा संच हवेत लहरी सोडू लागला तर तो आजच्या वापरातल्या पट्ट्यात ढवळाढवळ करील.

या संचाच्या कार्डाला विमानांवरच्या पट्ट्यांची चित्रे जोडली आहेत. 11 जुलै 1943 च्या रात्री सिसिलीवर जाणाऱ्या 144 अमेरिकी वाहतूक विमानांपैकी 23 विमाने आपल्याच जहाजांच्या आणि तोफांच्या माऱ्याने पडली. नॉर्मंडीच्या तयारीत हजारो विमाने एकाच वेळी उत्तरे देऊ लागली तर आयएफएफ यंत्रणा गुदमरेल अशी भीती होती, म्हणून पंखांवर आणि धडावर तीन पांढरे आणि दोन काळे पट्टे रंगवले गेले. एका इंजिनाच्या विमानावर प्रत्येक पट्टा 18 इंचांचा, दोन इंजिनांच्या विमानावर 24 इंचांचा. त्या काळच्या सर्वांत प्रगत साधनाची मर्यादा ब्रश आणि रंगाने भरून काढावी लागली. संग्रहात पट्ट्यांचा एखादा खरा नमुना नसणे ही मला मोठी उणीव वाटते.

5 एप्रिल

ऑल्डिस दिव्याची चाचणी झाली. आर्थर ऑल्डिस यांच्या आराखड्याचा हा हातदिवा नौदलात आणि विमानदलात सारखाच रुळलेला होता. यात मोर्ससाठी दिवा चालू-बंद केला जात नाही, कारण बल्बची तार तापायला आणि निवायला वेळ घेते आणि टिंबे एकमेकांत मिसळतात. बल्ब सतत जळत राहतो. चाप दाबला की मागचा आरसा कलतो आणि झोत दुर्बिणीने रोखलेल्या दिशेला जातो. मूळ बल्ब काढून जपून ठेवला आणि कमी ताकदीचा नवा बल्ब लावून आरशाची हालचाल पाहिली. चाप सोडल्यावर आरसा किंचित रेंगाळून परततो. स्प्रिंग मूळची असल्यामुळे ती बदलायची नाही. लाल आणि हिरव्या काचांपैकी हिरवीच्या कडेला टवका आहे, पण ती चौकटीत नीट बसते.

कार्ड भरताना दोन वस्तूंचा एकमेकींशी संबंध जुळला. रात्री तळावर परतलेले विमान पोटाखालच्या दिव्याने आपले अक्षर मोर्समध्ये देई. धावपट्टीवरचा माणूस ऑल्डिस दिव्याने तेच अक्षर हिरव्या प्रकाशात परत देई तेव्हा उतरण्याची परवानगी मिळे, आणि लाल प्रकाश आला तर थांबायचे असे. स्विचबॉक्सच्या कार्डावर ‘विचारणा’ आणि दिव्याच्या कार्डावर ‘प्रत्युत्तर’ अशी परस्पर नोंद केली. आता दोन्ही वस्तू एकाच खणात, एकाच क्रमांकाच्या अ आणि ब भागांखाली राहतील. पुढच्या आठवड्यात ब्रिटिश लष्कराचे संकेतबावटे घ्यायचे आहेत: गडद पार्श्वभूमीसाठी निळ्या पट्ट्याचा पांढरा आणि उजळ आकाशासाठी पूर्ण गडद निळा. पांढऱ्या बावट्याची शिवण उसवली आहे, ती शिवण्यापूर्वी दोऱ्याचे छायाचित्र घ्यावे लागेल.